रेव्ह आणि एनएन~ : आवाज आधी शिकवायचा, मग वाजवायचा

दोन ओळी लिहून बटण दाबलं की पूर्ण गाणं हातात देणारी एआय साधनं आता भरपूर झाली आहेत. प्रयोगशील ध्वनीकाम करणाऱ्याला ती लवकर अपुरी पडतात. आवाज कुठून आला ते कळत नाही, मधे हात घालता येत नाही आणि वाजवता वाजवता काही बदलता येत नाही. रेव्ह हे ध्वनी-एआय साधन नेमकं इथे वेगळं आहे. ते शब्द समजत नाही. तुम्ही दिलेल्या तास-दोन तासांच्या रेकॉर्डिंगवर ते शिकतं आणि मग समोर जो आवाज येईल तो त्या शिकलेल्या आवाजाच्या अंगाने परत काढतं, तेही वाजवत असतानाच. गेल्या काही वर्षांत आलेल्या ध्वनी-एआय साधनांपैकी ‘वाद्य’ म्हणावं असं माझ्या मते हेच. पण ते सुरात लावायला वेळ घेतं, आणि बहुतेक जण चुकीच्या जागी वेळ घालवतात.

पॅरिसच्या इर्काम या संगीत-ध्वनी संशोधन संस्थेतले आंत्वान कायाँ आणि फिलिप एस्लिंग यांनी २०२१ मध्ये रेव्ह मांडलं. साध्या लॅपटॉपच्या सीपीयूवर, ४८ किलोहर्ट्झला, प्रत्यक्ष वेळेच्या वीसपट वेगाने चालतं हा त्यांचा मुख्य दावा होता. चालवताना ग्राफिक्स कार्ड खरंच लागत नाही. शिकवताना मात्र लागतं. एनएन~ हे त्याच गटाने केलेलं जोड-ऑब्जेक्ट आहे. मॅक्स आणि प्युअर डेटा (पीडी) ही पडद्यावर ऑब्जेक्ट वायरींनी जोडून ध्वनी घडवायची सॉफ्टवेअरं, अशा जोडणीला पॅच म्हणतात. एनएन~ या दोन्हींत शिकवलेलं मॉडेल उघडतं. मॅक्स विकत घ्यावं लागतं, पीडी फुकट आहे. दोन्हींचा मूळ कर्ता एकच, मिलर पकेट, आणि मॅक्सची सुरुवात १९८०च्या दशकात इर्काममध्येच झाली. त्यामुळे हे जोडकाम उपरं वाटत नाही. पुढचं सगळं पीडी धरून लिहिलं आहे.

आत काय चालतं ते थोडं समजून घेतलं तर पुढचा अर्धा त्रास वाचतो. मॉडेलचा पहिला भाग, एन्कोडर, आवाजाच्या दर २०४८ नमुन्यांमागे (सॅम्पलमागे) आकड्यांचा एक छोटा संच काढतो. या आकड्यांना लेटंट म्हणतात. दुसरा भाग, डीकोडर, त्या आकड्यांवरून पुन्हा आवाज बांधतो. ४४.१ किलोहर्ट्झला हिशोब केला तर सेकंदाला असे साधारण २१.५ संच (चौकटी) होतात, म्हणजे एक चौकट ४६ मिलिसेकंदांची. सेकंदाला आठ स्वरांची तान घेतली तर एका स्वराच्या वाट्याला पावणेतीन चौकटी येतात. द्रुत लयीतल्या ‘तिरकिट’मध्ये एका अक्षराला जेमतेम दीड. चौकटीच्या आतला बारीक तपशील डीकोडर स्वतःच्या शिकलेल्या साठ्यातून भरतो, तुमच्या वाजवण्यातून नाही. म्हणून रेव्हकडे हुबेहूब नक्कल करणारं यंत्र म्हणून गेलात तर निराशा होईल. आलाप, घर्षण, श्वास, पत्र्याचा खणखणाट, पाण्याचा खळखळाट यांत ते श्रीमंत आहे.

सुरुवात तयार मॉडेलपासून करावी. रेव्ह करणाऱ्या इर्काममधल्या अ‍ॅसिड्स गटाची काही मॉडेलं फुकट उतरवता येतात, त्यांत तालवाद्यांचं, जुन्या रेकॉर्डिंगचं आणि माणसांच्या बोलण्याचं मॉडेल आहे. आइसलंडच्या इंटेलिजंट इन्स्ट्रुमेंट्स लॅबनेही पक्षी, व्हेल, गिटार, ऑर्गन अशी मॉडेलं खुली ठेवली आहेत. एनएन~चं फोल्डर पीडीच्या एक्स्टर्नल्समध्ये टाकायचं, मॉडेलची टीएस फाइल पॅचच्याच फोल्डरमध्ये ठेवायची आणि ऑब्जेक्टमध्ये लिहायचं: एनएन~, फाइलचं नाव, ‘फॉरवर्ड’ (आवाज आत, आवाज बाहेर), २०४८ (बफर, म्हणजे एका वेळी हाताळायचे नमुने). वर एडीसी~ (मायक्रोफोनकडून येणारा आवाज), खाली डीएसी~ (स्पीकरकडे जाणारा). एवढ्यावर आवाज यायला हवा. मॅकवर ऑब्जेक्ट उघडतच नसेल तर बहुतेक वेळा सिस्टिमने उतरवलेली फाइल अडवून ठेवलेली असते. टर्मिनलमधून त्या फोल्डरचं क्वारंटाइन काढावं लागतं. आवाज येतो पण मॉडेलच्या रंगात काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं, तेव्हा आधी सॅम्पल रेट तपासा. मॉडेल ४४.१चं आणि पीडी ४८वर असेल तर मॉडेलला तुमचा स्वर जवळपास दीड सेमीटोन खाली ऐकू येतो आणि बाहेर पडताना तो तेवढाच वर जातो. सूर जागेवर वाटतो, पण नादाचा रंग चढतो आणि सीपीयूवर भारही वाढतो. या चुकीपायी चांगलं मॉडेल वाईट ठरवलं जातं.

तयार मॉडेलवर आठवडाभर खेळून झालं की स्वतःचं मॉडेल शिकवायचं. रेव्हचं खरं मोल इथे आहे, आणि खरं काम संगणकाला हात लावण्याआधीचं आहे.

रेकॉर्डिंग किती हवं? एक ते तीन तास. तासाभराच्या आत मॉडेल लवकर घोकंपट्टी करतं. दहा तास वेगवेगळ्या गोष्टी ओतल्या तर सगळ्यांचा गाळ होऊन एक सरासरी आवाज मिळतो. एका मॉडेलला एकच ध्वनीकुळ द्यावं: एकच संबळ पण त्याच्या सगळ्या आघातांसह, किंवा एकाच पत्र्यावर काठी, तार, कंगवा, नख. मायक्रोफोन एकच, अंतर एकच, खोली शक्य तितकी कोरडी. रिव्हर्ब असलेलं रेकॉर्डिंग दिलं तर मॉडेल खोलीही शिकतं आणि मग ती खोली काढून टाकता येत नाही. रिव्हर्ब नंतर पीडीत लावता येतो. छताचा पंखा आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण यांचंही तसंच. माणसाचा कान ती गाळून टाकतो, पण मॉडेलला गुणगुण हाच सगळ्यांत भरवशाचा स्वर वाटतो, कारण प्रत्येक तुकड्यात तो असतोच. रेकॉर्ड करतानाच पंखा बंद, चार्जर काढलेला, आणि नंतर ५० व १०० हर्ट्झवर एक नजर.

प्रत्येक फाइल वेगळी नॉर्मलाइझ करू नका, म्हणजे सगळ्यांचा जोर एका पातळीवर आणू नका. हळू वाजवलेलं हळूच राहू द्या, नाहीतर मॉडेलला जोर आणि रंग यांचा संबंध कळत नाही. थापेच्या जोराबरोबर चामड्याचा आवाज बदलतो, हेच तर त्याला शिकवायचं आहे. लांब शांतता कापा, पण सगळी शांतता काढू नका. इनपुट थांबलं तरी कुरकुरत राहणारी मॉडेलं बऱ्याचदा शांतता न ऐकलेली असतात. शिकवताना ‘म्यूट’ हे ऑगमेंटेशन (रेकॉर्डिंगमध्ये आपोआप केलेला फेरफार) जोडलं तर तेही यावर उपाय करतं. अधूनमधून तुकडा मुका करून ते मॉडेलला गप्प बसायला शिकवतं.

तंबोऱ्याचा मोह अनेकांना होईल. चांगल्या जवारीचा, मिरजेत घडलेला तंबोरा रेव्हसाठी आदर्श वाटतो: सलग नाद, समृद्ध वरचे स्वरांश, कोरडा आघात जवळजवळ नाही. अडचण अशी की एकाच पट्टीत तासभर छेडलेल्या तंबोऱ्यात मॉडेलला चार तारांपलीकडचं काही भेटतच नाही. त्याच्यासमोर गायलात तर गळा कुठेही गेला तरी उत्तर षड्ज-पंचमाच्या आसपासच येतं. कधी हेच हवं असतं, आणि तेव्हा परिणाम विलक्षण होतो: बोलण्याच्या चढउताराने जवारी उघडते-मिटते. सूर मागे यावा असं हवं असेल तर दर दहा मिनिटांनी अर्धा सूर चढवत किंवा उतरवत, तारेला झेपेल तेवढ्या पट्ट्यांमध्ये रेकॉर्ड करावं लागतं, आणि दर वेळी जवारीचा दोरा पुन्हा बसवावा लागतो. हार्मोनियमवर शिकवलेल्या मॉडेलचंही असंच. त्याने मींड कधी ऐकलेलीच नसते, त्यामुळे तुमची मींड पायऱ्यांनी येते आणि दोन पट्ट्यांच्या मधे डळमळते.

आता आज्ञा. नवं पायथन एन्व्हायर्नमेंट करून आधी टॉर्च आणि टॉर्चऑडिओ (मॉडेल शिकवण्या-चालवण्याच्या लायब्ररी) बसवायचं, मग ‘अ‍ॅसिड्स-रेव्ह’ हे पॅकेज, आणि ध्वनी फाइली उलगडणारं एफएफएमपेग. क्रम उलटा झाला तर पॅकेज स्वतःच्या मर्जीचं टॉर्च ओढून आणतं आणि ते तुमच्या ग्राफिक्स कार्डाशी जुळेलच असं नाही. पहिली पायरी ‘रेव्ह प्रीप्रोसेस’. तिला रेकॉर्डिंगचं फोल्डर आणि निकालाचं फोल्डर द्यायचं, चॅनेल १. इथे एक ठरलेला खड्डा आहे: प्रगतीचा आकडा शून्यावरच अडतो, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. कारण फाइली फार छोट्या असतात. रेव्ह मुळात १,३१,०७२ नमुन्यांचे, म्हणजे सुमारे तीन सेकंदांचे तुकडे मागतं. सुटे आघात अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या फाइलींत ठेवले असतील तर त्याला एकही तुकडा सापडत नाही. उपाय सोपा: सगळे आघात अर्धा सेकंद अंतर ठेवून एका लांब फाइलीत जोडा. तुकड्याची लांबी कमी करण्याचा पर्यायही आहे, पण मग तोच आकडा शिकवतानाच्या आज्ञेतही द्यावा लागतो आणि तिथे विसर पडतो. ‘लेझी’ पर्याय वापरला तर फाइली आधी न उलगडता थेट वाचल्या जातात. डिस्क वाचते, पण सीपीयू इतका दमतो की शिकवण्याचा वेग पडतो. डिस्कमध्ये जागा असेल तर तो टाळा.

दुसरी पायरी ‘रेव्ह ट्रेन’, आणि इथे कॉन्फिगची, म्हणजे मॉडेलच्या तयार मांडणीची, निवड करावी लागते. ‘व्ही-२’ला साधारण १६ जीबीचं कार्ड लागतं. ‘व्ही-१’ आणि ‘व्ही-२-स्मॉल’ ८ जीबीत बसतात, ‘व्ही-३’ ३२ जीबी मागतं. रास्पबेरी पाय ४वर चालवायचं असेल तर ‘रास्पबेरी’ नावाचं वेगळं हलकं कॉन्फिग आहे. सलग नादांसाठी ‘व्ही-२-स्मॉल’ पुरेसं आहे आणि बहुतेकांनी तिथूनच सुरू करावं. मंचावर वाजवायचं असेल तर त्याला ‘कॉझल’ जोडा. मॉडेल पुढचा आवाज येण्याची वाट पाहत नाही, त्यामुळे उशीर कमी होतो. रंग थोडा खरखरीत होतो, पण बोट आणि आवाज यांतली फट मिटते.

शिकवणं दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात मॉडेल आवाजाचा सारांश करायला शिकतं. तो मुळात दहा लाख पावलांचा असतो. दुसऱ्यात एन्कोडर गोठवला जातो आणि एक परीक्षक-जाळं डीकोडरला खऱ्या आवाजाच्या जवळ ढकलतं. पहिल्या टप्प्याच्या अखेरीलाही आवाज पिंपातून आल्यासारखा, भुंग्यासारखा असतो. याच वेळी ‘आपलं मॉडेल फसलं’ म्हणून लोक बंद करतात. दुसरा टप्पा सुरू होताच आलेखातली चूक उडी मारून वर जाते, तेही अपेक्षितच आहे. आलेखापेक्षा टेन्सरबोर्डमध्ये (शिकवण्याची प्रगती दाखवणाऱ्या साधनात) मधूनमधून येणारे ऐकण्याचे नमुने लक्षात घ्या: मूळ आणि पुनर्निर्मित, पाठोपाठ. मात्र वेळ वाचवायला पहिला टप्पा फार छोटा करू नका. एन्कोडर एकदा गोठला की त्याची समज नंतर सुधारत नाही, फक्त वरचा मुलामा सुधारतो. सगळं मिळून काही दिवस धरावेत. कोलॅब किंवा कॅगल या इंटरनेटवरून ग्राफिक्स कार्ड वापरू देणाऱ्या सेवांच्या फुकट सत्रांत हे तुकड्या-तुकड्यांनी करता येतं, पण चेकपॉइंट (तिथवर शिकलेल्या मॉडेलची फाइल) प्रत्येक वेळी ड्राइव्हवर गेला पाहिजे. सत्र तुटल्यावर ‘सीकेपीटी’ पर्यायाने तिथूनच पुढे जाता येतं.

‘एन-कॉम्पोनंट्स १२८’ असा उल्लेख असलेली चूक येऊन गाडी थांबली तर कोडमध्ये शोधत बसू नका. रेकॉर्डिंग कमी पडलं आहे, अधिक रेकॉर्ड करा.

तिसरी पायरी ‘रेव्ह एक्स्पोर्ट’. इथे ‘स्ट्रीमिंग’ हा पर्याय दिलाच पाहिजे. तो विसरलात तर पीडीत दर बफरच्या जोडावर टकटक ऐकू येते. ही टकटक फिल्टरने जात नाही, मॉडेल पुन्हा एक्स्पोर्ट करणं हाच उपाय. याच वेळी मॉडेल १२८ लेटंटपैकी महत्त्वाचे तेवढे ठेवतं. मूळ मर्यादा ९५ टक्के निष्ठेची (फिडेलिटीची) आहे. किती आउटलेट उरतात ते पाहिलं की मॉडेलची तब्येत कळते. आठ किंवा सोळा असतील तर छान. एक-दोनच उरले असतील तर काहीही आत घातलं तरी एकसारखंच बाहेर येणार.

आता खरा आनंद. ‘फॉरवर्ड’ विसरा आणि दोन ऑब्जेक्ट घ्या: एक ‘एन्कोड’चं, एक ‘डीकोड’चं. मधल्या वायरी म्हणजे तुमची तारांची खुंटाळी. प्रत्येक लेटंट साधा ध्वनी-सिग्नल म्हणून येतो, त्यामुळे पीडीतलं कुठलंही ~ ऑब्जेक्ट त्यावर चालतं. किमती बहुधा उणे ३ ते अधिक ३च्या दरम्यान असतात. पहिला लेटंट अनेकदा जोराशी बांधलेला आढळतो, म्हणून आधी तो सोडून दुसऱ्या-तिसऱ्यावर काम करा. त्यात ०.१ हर्ट्झचा, १.५ उंचीचा मंद ऑस~ मिळवा: गाणाऱ्याचा शब्द तोच राहतो आणि धातू हळूहळू लाकूड होत जातो. गुणक उणे १ केला की त्या मितीतलं सगळं उलटतं. दोन वेगवेगळे आवाज एन्कोड करून त्यांचे लेटंट क्रॉसफेड करा. आवाज मिसळल्यापेक्षा हा परिणाम फार वेगळा येतो, दोन नाद शेजारी न राहता मधला तिसरा तयार होतो. फक्त एक मिती ४०० मिलिसेकंद उशिरा पाठवली की जोर आत्ताचा आणि रंग मगाचा, असं विचित्र सुंदर काहीतरी ऐकू येतं. लेटंट फार वेगाने हलवू नका. सेकंदाला २१.५ चौकटी असल्याने दहा हर्ट्झच्या पुढचा डोल पकडला जात नाही, आणि न मागितलेला दुसराच मंद डोल उमटतो.

सॅम्पहोल्ड~ने एक चौकट गोठवली तर सलग नाद मिळतो, पण डीकोडर तोच तुकडा पुन्हा पुन्हा काढत असल्याने २१.५ हर्ट्झची भुणभुण येऊ शकते. प्रत्येक लेटंटमध्ये ०.०५ ते ०.१ इतका नॉइज~ मिळवा, भुणभुण विरघळते. डीकोडरचं आउटपुट परत एन्कोडरला द्यायचं असेल तर सरळ वायर जोडून चालत नाही, पीडी डीएसपी लूपची तक्रार करतं. मधे डेलराइट~ आणि डेलरीड~ टाका, ०.७च्या आसपास गुणक ठेवा, हिप~ने ४० हर्ट्झखालचं कापा, आणि शेवटी क्लिप~. मॉडेल स्वतःचंच ऐकून काही फेऱ्यांत एखाद्या आवडत्या आवाजावर स्थिरावतं, आणि प्रत्येक मॉडेलची ही आवड वेगळी असते. मैफिलीत हे लावायचं असेल तर हातात व्हॉल्यूम हवा, कारण उसळी अचानक येते.

उशिराबद्दल स्पष्ट असावं. बफर २०४८ म्हणजे ४६ मिलिसेकंद, ४०९६ म्हणजे ९३, ८१९२ म्हणजे १८६, आणि मॉडेलचा स्वतःचा उशीर वर. आवाज तुटत असेल तर बफर वाढवावाच लागतो. ‘कॉझल’ नसलेल्या मॉडेलवर ठेक्यात वाजवणं जवळजवळ अशक्य आहे. ढोलकी वाजवणाऱ्याला त्यात बसवू नका, त्याच्या हातावर अन्याय होतो. बासरी, गळा, गजाची वाद्यं, वस्तूंचं घर्षण यांना हा उशीर पचतो.

पॅच जोडायची तयारी नसेल तर दोन सोपे रस्ते आहेत. इर्कामचं रेव्ह व्हीएसटी हे प्लगइन डीएडब्ल्यूमध्ये (रेकॉर्डिंग-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडतं आणि लेटंटचे स्केल-बायस बदलू देतं. टोकियोच्या क्वोस्मो कंपनीतून आलेलं न्यूटोन एफएक्स त्याहून सोपं, पण त्यात चार नॉबांपुरतंच स्वातंत्र्य आहे. चव घ्यायला दोन्ही ठीक. लेटंटची अदलाबदल, उशीर, फीडबॅक यांतलं काही तिथे मोकळेपणाने होत नाही, म्हणून खरं काम एनएन~मध्येच.

परवाना आधी वाचा. रेव्ह आणि एनएन~ अव्यावसायिक वापराच्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. नाटक, प्रायोगिक मैफल, इन्स्टॉलेशन यांत नाव देऊन वापरावं असं कर्त्यांनी सुचवलं आहे. जाहिरात किंवा चित्रपटासाठी मात्र आधी इर्कामशी बोलावं. तयार मॉडेलच्या अटी त्याहून वेगळ्या असू शकतात. आणि ज्यांच्या गळ्यावर किंवा हातावर मॉडेल शिकवणार त्यांना रेकॉर्डिंगच्या आधी सांगा: मॉडेल कोण ठेवणार, कोणाला देणार, ती माणसं गेल्यावर त्याचं काय. गुरूंची जुनी ध्वनिमुद्रणं कपाटात आहेत एवढ्याने ती शिकवायला मोकळी होत नाहीत.

कोणी घ्यावं? ज्याच्याकडे स्वतःचा एखादा हट्टी आवाज आहे, आणि तो दोन तास शांत खोलीत रेकॉर्ड करण्याची चिकाटी आहे, त्याने. ८ जीबीचं कार्ड किंवा फुकट सत्रं, पीडी, आणि साधारण तीन आठवडे: एक रेकॉर्डिंगला, एक शिकवायला, एक पॅचला. पहिल्या मॉडेलसाठी तंबोरा किंवा गळा नको. पितळी परातीवर गज, दोरा आणि बोटं घेऊन बसा. तिला सूर चुकण्याची भीती नाही, शिवाय तासाभरात ती इतके रंग देते की मॉडेलला शिकायला भरपूर मिळतं.